चुकलेली बिलं मोजायची कशी, कमी करायची कशी

भांडुपला औषधांच्या एका स्टॉकिस्टच्या गोदामात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि शेठ पॅकिंगच्या टेबलापाशी उभे राहून सगळ्यांना सुनावत होते. आदल्या दिवशी १९ बिलं चुकली होती. कुणाला ५० मिलिग्रॅमऐवजी २५ गेलं, कुणाला दहा स्ट्रिपांऐवजी दहा बॉक्स, एका केमिस्टची पेटी भलत्याच दुकानात उतरली. "परवा ७च चुकली होती ना? म्हणजे मनात आणलं तर जमतं तुम्हाला!" शेठ म्हणाले. पॅकर आणि चेकर माना खाली घालून उभे होते. त्याच आठवड्यात एका मुलाने काम सोडलं.

शेठ पगार वेळेवर देणारे, माणसांना धरून असणारे गृहस्थ होते. पण ७ आणि १९ या दोन दिवसांमध्ये कामाच्या दृष्टीने काहीही फरक नव्हता, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. पुढे हिशेबाने ते मी दाखवणार आहे. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ती हीच राहावी असं मला वाटतं.

ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी गुणवत्ता विभागात बरीच वर्षं काढली. आता मुंबईतल्या छोट्या व्यवसायांना चुका कमी करायला मदत करते. गोदाम असो, विम्याचे दावे तपासणारं ऑफिस असो, पॅथॉलॉजी लॅब असो की हाउसिंग सोसायट्यांची बिलं काढणारं हिशेबाचं ऑफिस असो, पद्धत तीच लागू पडते. मी उदाहरण त्या गोदामाचं घेते. व्यवसाय ओळखू येऊ नये आणि हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे मी मांडणीपुरते गोल केलेले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घालायचे.

थोडं मागचं

१६ मे १९२४ रोजी अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट या तरुण अभियंत्याने आपल्या वरिष्ठांना एक लहानसं टिपण पाठवलं. त्यात एक साधा आलेख होता: मधे सरासरीची रेघ, वर-खाली दोन मर्यादा. कारखान्यात टेलिफोनचे भाग बनत होते, आणि कुठला चढउतार नेहमीचा आणि कुठला खरोखर काहीतरी बिघडल्याचा, हे त्या आलेखावरून कळत होतं. हाच कंट्रोल चार्ट. पुढे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग १९५० मध्ये हा विचार घेऊन जपानला गेले आणि तिथल्या कारखानदारांनी तो मनापासून उचलला. आपल्याकडेही तो फार उशिरा आला नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट स्वतः १९४७-४८ मध्ये भारतात आले होते.

१९८० च्या दशकात मोटोरोला कंपनीतल्या बिल स्मिथ यांनी याला सिक्स सिग्मा हे नाव (सिग्मा म्हणजे चढउताराचं माप) आणि दहा लाख संधींमागे, म्हणजे चूक होऊ शकेल अशा दहा लाख जागांमागे, ३.४ चुका हे लक्ष्य दिलं. कामाचे पाच टप्पे ठरले: डिफाइन, मेझर, अॅनलाइझ, इम्प्रूव्ह, कंट्रोल. आद्याक्षरं जोडून सगळे त्याला डीमाइक म्हणतात. मराठीत सांगायचं तर चूक ठरवा, मोजा, कारण शोधा, सुधारा आणि सुधारलेलं टिकवा. खाली मी मोजण्याच्या दोन पायऱ्या केल्या आहेत, म्हणून पायऱ्या सहा. काळा पट्टा, हिरवा पट्टा अशी प्रमाणपत्रं याभोवती पुढे आली. मोठ्या कंपनीत त्यांचा उपयोग होतो. पण दहा-वीस माणसांच्या ऑफिसला सुरुवात करायला त्यांची गरज नाही. एक एक्सेलची शीट, एक आलेखाचा कागद आणि दोन-तीन महिने चिकाटी, एवढं पुरतं.

पायरी १: चूक म्हणजे काय, ते कागदावर लिहा

ही पायरी लोक पाच मिनिटांत उरकतात आणि पुढे सहा महिने वाद घालत बसतात. गोदामात मी चार जणांना वेगवेगळं विचारलं, "चुकलेलं बिल कशाला म्हणायचं?" शेठ म्हणाले, ज्याचा माल परत येतो ते. चेकर म्हणाला, माझ्या टेबलावर पकडलं गेलं तर ती चूक कसली? बिल करणाऱ्या मुलीच्या मते फक्त रेट किंवा स्कीम चुकली तरच बिल चुकलं. डिलिव्हरीवाल्याच्या हिशेबात दुकानदार ओरडला की चूक, नाही ओरडला की सगळं ठीक.

चौघांच्या चार व्याख्या असतील तर महिन्याच्या शेवटी येणारा आकडा कशाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ग्राहकाच्या बाजूने एक वाक्य लिहा. आम्ही लिहिलं ते असं: "केमिस्टने मागितलेलं औषध, मागितलेली ताकद (किती मिलिग्रॅम), मागितलेले नग, चालणारी एक्स्पायरी, बरोबर भाव आणि बरोबर दुकान, यातलं एकही चुकलं तर ते बिल चुकलेलं." मग सीमेवरच्या गोष्टी घ्या. माल शिल्लक नव्हता आणि दुकानदाराला आधी फोन करून कळवलं, तर ती चूक नाही. न कळवता कमी पाठवला, तर चूक. चेकरने पकडून दुरुस्त केलं तर वेगळ्या रकान्यात नोंद करायची, पण नोंद करायचीच.

कामाची हद्दही इथेच ठरवा. ऑर्डर आल्यापासून पेटी दुकानात उतरेपर्यंत, एवढीच. कंपनीकडून माल उशिरा येतो तो प्रश्न मोठा आहे, पण तो वेगळा. सगळं एकदम हातात घेतलं की काहीच पुरं होत नाही.

पायरी २: मोजा, पण आधी मोजणारा तपासा

शीटमध्ये रकाने थोडेच ठेवा: तारीख, बिल नंबर, चुकीचा प्रकार, चूक कुठे झाली, कुठे सापडली, रॅक, वेळ, ऑर्डर फोनवर आली की व्हॉट्सअॅपवर की सेल्समनकडून. पॅकरच्या नावाचा रकाना पहिल्या महिन्यात ठेवू नका. यावरून माझे आणि मालकांचे नेहमी खटके उडतात, पण मी मागे हटत नाही. नावाचा रकाना आला की चुका लपवल्या जातात, आणि लपवलेल्या चुकांच्या आकड्यांवर तुम्ही काय शोधणार? एक महिना खरं लिहिलं जाऊ द्या. पुढे माणसामाणसांत फरक आहे असं वाटलंच, तर तेव्हा पाहता येतं.

आता मोजणाऱ्याची परीक्षा. ५० पेट्या तयार करा आणि त्यातल्या २० पेट्यांत मुद्दाम माहीत असलेल्या चुका घाला. दोन्ही चेकरना त्याच ५० पेट्या वेगवेगळ्या वेळी, एकमेकांचं न बघता तपासायला द्या. आमच्याकडे एकाने २० पैकी १७ पकडल्या, दुसऱ्याने ११. गंमत अशी की रोजच्या वहीत दुसऱ्याच्या टेबलावर चुका कमी दिसायच्या, आणि म्हणून त्याचं टेबल चांगलं समजलं जायचं! त्याच्याकडे चुका कमी होत नव्हत्या, कमी सापडत होत्या. त्याचा दोषही मोठा नव्हता. त्याच्या टेबलावर बिलाची तिसरी, फिकट प्रत जायची. त्याला पहिली प्रत दिली आणि परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हा दोघे जवळपास सारखे आले. हे न करता आकडे गोळा केले असते, तर सगळा अभ्यास वाकड्या फूटपट्टीवर उभा राहिला असता.

याच परीक्षेतून आणखी एक गोष्ट कळते. चांगला चेकरही २० पैकी ३ सोडतो. म्हणून "अजून एक चेकर ठेवा" हा उपाय वाटतो तेवढा बळकट नाही. दोन चेकर असले की पहिला दुसऱ्यावर विसंबतो आणि दुसरा पहिल्यावर.

महिनाभर नोंदी झाल्यावर हिशेब करा. रोज २०० बिलं, कामाचे २५ दिवस, म्हणजे ५,००० बिलं. त्यातली ३०० चुकीची दुकानात पोचली, म्हणजे ६ टक्के. एका बिलात सरासरी १० आयटम, म्हणजे ५०,००० ओळी. त्यांत चुका ३६०, कारण काही बिलांत एकाहून जास्त चुका होत्या.

सिग्मा पातळी काढायची असेल तर चुका दहा लाखांमागे किती, ते बघतात. २ सिग्मा म्हणजे दहा लाखांत सुमारे ३,०८,५३८ चुका, ३ म्हणजे ६६,८०७, ४ म्हणजे ६,२१०, ५ म्हणजे २३३ आणि ६ म्हणजे ३.४. काळाच्या ओघात कामाची सरासरी दीड सिग्माने सरकते असं या आकड्यांत धरलेलं असतं.

आता सांभाळा. बिलामागे मोजलं तर आपल्या दहा लाखांत ६०,००० चुका होतात, म्हणजे पातळी ३ च्या किंचित वर. ओळीमागे मोजलं तर ७,२००, म्हणजे पातळी जवळजवळ ४. आणि एखाद्या हुशार माणसाने म्हटलं की प्रत्येक ओळीत नाव, ताकद, बॅच, नग अशा चार संधी आहेत, तर चुका १,८०० वर येतात आणि पातळी ४.४ होते. गोदाम तेच, पॅकर तेच, परत येणाऱ्या पेट्या त्याच. म्हणून कुणी आमची पातळी अमुक सिग्मा म्हटलं की मी आधी विचारते, संधी कशा मोजल्या? तुम्ही एकच मोजमाप निवडा आणि ते बदलू नका. मी बिलामागे मोजते, कारण दुकानदाराला ओळ परत करायची नसते. त्याला फोन करावा लागतो, वाट बघावी लागते, गिऱ्हाईक परत पाठवावं लागतं.

आणखी एक आकडा काढून ठेवा. ऑर्डर लिहिणं ९८ टक्के बिनचूक, माल काढणं ९७, तपासून पेटी भरणं ९९, पोचवणं ९८.५. प्रत्येक टप्पा ऐकायला चांगलाच वाटतो. पण गुणाकार केला की ९२.७ उरतात. म्हणजे शंभरातली साधारण ७ बिलं कुठे ना कुठे अडखळतात. ६ दुकानात जाऊन कळतात, एखादं आतच दुरुस्त होतं. त्या दुरुस्तीला लागणारा वेळ, परतीचा फेरा, क्रेडिट नोट, जीएसटीच्या हिशेबातला फेरफार, हे सगळं पगारात आणि पेट्रोलमध्ये विरघळून जातं. कुठल्याच खात्यात "चुकांचा खर्च" असं नाव दिसत नाही. एका चुकलेल्या बिलामागे किती मिनिटं आणि किती रुपये जातात, ते एकदा प्रत्यक्ष मोजा. मालकाला पटवायला त्याहून चांगलं साधन नाही.

पायरी ३: आलेख काढा, आणि तो बघेपर्यंत कुणालाही बोलू नका

इथे जरा थांबू या, कारण शेठचे ७ आणि १९ इथेच सुटतात.

रोज २०० बिलं, सरासरी चूक ६ टक्के. म्हणजे सरासरी रोज १२ बिलं चुकणार. पण रोज नेमकी १२च चुकणार नाहीत, नाणं दहा वेळा उडवलं तर दर वेळी पाचच छापे पडत नाहीत तसं. मग किती वर-खाली होणं नेहमीचं? हिशेब असा: ०.०६ ला ०.९४ ने गुणा, २०० ने भागा, वर्गमूळ काढा. ०.०१६८ येतं. त्याची तिप्पट ०.०५०. सरासरीत मिळवली की ०.११०, वजा केली की साधारण ०.०१०. यांना २०० ने गुणलं की वरची मर्यादा २२ बिलं आणि खालची २.

म्हणजे या गोदामात काहीही न बदलता, सगळे तितक्याच मन लावून काम करत असताना, एखाद्या दिवशी ३ चुकतील आणि एखाद्या दिवशी २१. ७ ही शाबासकीची गोष्ट नव्हती आणि १९ हा गुन्हा नव्हता. दोन्ही एकाच यंत्रणेतून निघालेले आकडे होते. शेठ ज्या दिवशी ओरडले त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा बहुधा खाली येणारच होता, कारण फार वर गेलेला आकडा पुन्हा सरासरीकडे येतो. आणि ओरडण्याचा उपयोग होतो असं त्यांना वर्षानुवर्षं वाटत राहिलं, ते यामुळेच. मी आलेख काढून त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, म्हणजे त्या पोराला मी उगाच घालवलं." मला याचं उत्तर देता आलं नाही.

आलेखावर रोजचा ठिपका मांडा. मर्यादेबाहेर ठिपका गेला तरच "आज काय वेगळं झालं?" हा प्रश्न विचारा, आणि तो त्याच दिवशी विचारा, आठवणी ताज्या असताना. सलग आठ ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले तरीही काहीतरी बदललंय असं समजा. नुसत्या योगायोगाने सलग आठ ठिपके ठरावीक एका बाजूला पडण्याची शक्यता २५६ त एक असते. बाकी सगळा चढउतार यंत्रणेचा. तो कमी करायचा तर यंत्रणा बदलावी लागते, आणि ते अधिकार पॅकरच्या हातात नसतात, मालकाच्या असतात.

मुंबईत एक खास गोष्ट सांभाळावी लागते. पावसाळ्यात लोकल बंद पडली, निम्मी माणसं आलीच नाहीत, दुपारी पाणी भरलं, अशा दिवशी ठिपका मर्यादेबाहेर उडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस कुठल्याही सरासरीत बसत नाही. त्या ठिपक्याशेजारी पेन्सिलने कारण लिहा आणि मर्यादा काढताना तो वगळा. अशा दिवसांसाठी वेगळी तजवीज करा: कमी माणसांत कोणत्या ऑर्डर आधी, कोणत्या थांबवायच्या. पण एका तुंबलेल्या दिवसाच्या धसक्याने रोजची पद्धत बदलू नका.

छोट्या ऑफिसात रोज १५च बिलं निघत असतील, तर रोजचा आलेख काही सांगणार नाही, आठवड्याचा काढा. चुका फारच विरळ असतील तर दोन चुकांमध्ये किती दिवस गेले, ते मोजा. आणि मोजायची गोष्ट वेळ असेल, उदाहरणार्थ रिपोर्ट द्यायला लागणारे तास, तर लागोपाठच्या दोन आकड्यांतल्या फरकांची सरासरी काढा, तिला २.६६ ने गुणा आणि मूळ सरासरीच्या वर-खाली तेवढी मर्यादा आखा.

पायरी ४: कारण शोधा, पण टेबलावर बसून नव्हे

३६० चुका प्रकारांनुसार लावल्या. ताकद चुकली १४८, नग कमी-जास्त ९२, बॅच किंवा एक्स्पायरी ४६, भलत्या दुकानाची पेटी ३१, भाव किंवा स्कीम २७, इतर १६. पहिल्या दोन प्रकारांतच २४० चुका, म्हणजे दोन तृतीयांश. या मांडणीला पॅरेटो म्हणतात. इटालियन अर्थशास्त्रज्ञाचं हे नाव गुणवत्तेच्या कामाला जोडलं ते गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी. आम्ही फक्त पहिल्या दोन चुका हातात घेतल्या. शेठना भाव-स्कीमची चूक जास्त टोचत होती, कारण तिथे पैसे थेट जात होते. त्यांना थांबवायला बराच वेळ लागला.

मग प्रत्येक प्रकाराचे तुकडे करा. ताकदीच्या १४८ चुका वेळेनुसार लावल्या तर संध्याकाळी पाचनंतर ढीग दिसला. रॅकनुसार लावल्या तर ९७ चुका दोनच रॅकमधल्या निघाल्या. आकडे इथपर्यंतच नेतात. पुढे स्वतः जाऊन उभं राहायचं.

मी दोन संध्याकाळ त्या रॅकपाशी उभी राहिले. तिथे एका जुन्या पॅकरनी, ज्यांना सगळे काका म्हणायचे, सहज सांगितलं, "ताई, खोकं सारखं, नाव सारखं, रंगही सारखा. फरक एवढाच, कोपऱ्यात २५ की ५०. आणि हा दिवा बघा कधीपासून असाच आहे." ट्यूबलाइट रॅकच्या मागे लावलेली होती. दिवसा खिडकीतून उजेड यायचा, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं. संध्याकाळी कोपऱ्यातला आकडा सावलीत जायचा. काकांना हे दोन वर्षांपासून माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

नगांच्या ९२ चुकांचं कारण याहून साधं निघालं. त्यातल्या बहुतेक फोन आणि व्हॉट्सअॅपच्या ऑर्डरी. दुकानदार लिहितो "१०". स्ट्रिप की बॉक्स? सेल्समनच्या छापील फॉर्मवर तो रकाना होता, व्हॉट्सअॅपवर नव्हता. ऑर्डर लिहिणारी मुलगी अंदाजाने ठरवत होती, आणि बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबरही येत होता. उरलेले ९२.

माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती, पाच वेळा "का?" विचारणं, ही साधनं तुम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. जरूर वापरा. फक्त एक पाळा: प्रत्येक कारणासमोर "हे खरं असेल तर आकड्यांत काय दिसायला हवं?" हे लिहा. "नवीन मुलं लक्ष देत नाहीत" हे कारण आमच्याही यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. ते खरं असतं तर चुका दिवसभर सारख्या आणि सगळ्या रॅकवर पसरलेल्या दिसायला हव्या होत्या. तसं दिसलं नाही, म्हणून ते कारण खोडलं.

पायरी ५: चूक होऊच नये अशी मांडणी करा

जपानमध्ये शिगेओ शिंगो या अभियंत्यांनी एका कारखान्यात बघितलं की कामगार छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगांपैकी एखादी बसवायला विसरतात. ताकीद देऊन झाली होती. शिंगोंनी सुचवलं, आधी दोन स्प्रिंगा डब्यातून काढून समोरच्या बशीत ठेवा, मग बसवा. बशीत स्प्रिंग उरली की चूक तिथल्या तिथे कळते. या प्रकाराला आधी जे जपानी नाव होतं त्याचा अर्थ "मूर्खालाही चुकता येणार नाही" असा होता. ते ऐकून एका कामगार बाईंना वाईट वाटलं, म्हणून शिंगोंनी नाव बदलून पोका-योके केलं, नजरचुकीपासून बचाव. मला हा नावाचा बदल फार मोलाचा वाटतो.

मुंबईकराला हे समजायला डबेवाल्याच्या डब्याचं झाकण पुरेसं आहे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामात डबा रोज अनेक हातांतून जातो. झाकणावर रंगाने काढलेल्या खुणा असतात: डबा कुठून उचलला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. पूर्ण पत्ता नसतो, कारण धावत्या गर्दीत पत्ता वाचायला वेळ नसतो. लागतं तेवढंच, आणि लांबून दिसेल एवढं मोठं. डबेवाल्यांच्या सिक्स सिग्मा प्रमाणपत्राच्या गोष्टी सगळीकडे फिरतात. मी मात्र सगळ्यांना ते झाकण बघायला सांगते.

गोदामात आम्ही चार गोष्टी केल्या. एकाच नावाच्या वेगवेगळ्या ताकदी शेजारी ठेवायच्या नाहीत, मधे दुसरं औषध. रॅकच्या पट्टीवर ताकदीचा आकडा तळहाताएवढा, आणि २५, ५०, १०० ला वेगवेगळा रंग. ट्यूबलाइट पुढे आणली. आणि ऑर्डर लिहायच्या स्क्रीनवर स्ट्रिप की बॉक्स हे निवडल्याशिवाय पुढचा रकाना उघडणारच नाही, असं सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घेतलं. सगळा खर्च एका महिन्याच्या परतीच्या फेऱ्यांच्या खर्चाहून कमी होता.

स्कॅनरचा विचारही झाला. १ ऑगस्ट २०२३ पासून देशात ३०० ठरावीक ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, आणि त्यात बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते. बॅचच्या ४६ चुकांवर पुढे त्याचा उपयोग करता येईल. पण मांडणी नीट होण्याआधी स्कॅनर आणला, तर चुकीचं काम फक्त जलद होतं. म्हणून तो दुसऱ्या फेरीला ठेवला.

बदल सगळीकडे एकदम करू नका. आम्ही आधी त्या दोन रॅकवर आणि मुलुंड-ठाण्याच्या एकाच डिलिव्हरी लाइनवर दोन आठवडे करून पाहिलं. त्यात एक चूक कळली. रंगांमध्ये लाल आणि हिरवा निवडले होते, आणि एका पॅकरला त्या दोहोंत फरक कळत नव्हता. त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. निळा आणि पिवळा केला. हे सगळ्या गोदामात एकदम लावलं असतं, तर चुका वाढल्या असत्या आणि पुन्हा त्याच मुलाला बोलणी बसली असती.

पायरी ६: सुधारलेलं टिकवा

पुढच्या महिन्यात ५,००० बिलांत १६५ चुकीची निघाली, ३.३ टक्के. आलेखावर सलग आठाहून जास्त ठिपके जुन्या सरासरीच्या खाली आले, म्हणजे बदल खरा आहे. आता मर्यादा नव्याने काढायच्या. ०.०३३ गुणिले ०.९६७, भागिले २००, त्याचं वर्गमूळ ०.०१२६. नवी सरासरी रोज ६.६, वरची मर्यादा १४, खालची शून्य. ज्या गोदामात १९ हा नेहमीच्या मर्यादेतला आकडा होता, तिथे आता १५ आला तरी धावत जाऊन कारण शोधायचं.

टिकवण्याचं काम कंटाळवाणं असतं आणि सगळे प्रयत्न इथेच वाया जातात. नवीन माल आला की कुणीतरी घाईत जागा दिसेल तिथे ठेवतो, आणि तीन आठवड्यांत २५ शेजारी ५० पुन्हा येऊन बसतं. म्हणून रॅकचा नकाशा एका पानावर, मराठीत आणि हिंदीत, रॅकवरच लावा. दर शनिवारी दहा रॅक चिठ्ठ्या टाकून निवडा आणि नकाशाशी ताडून बघा. आलेख शेठच्या केबिनमध्ये न ठेवता पॅकिंगच्या टेबलावर लावा आणि रोजचा ठिपका पॅकरनीच मांडावा. आमच्याकडे हे काम काकांनी मागून घेतलं.

मर्यादेबाहेर ठिपका गेला तर कुणी काय करायचं, तेही लिहून ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात चेकर त्या दिवसाची चुकलेली बिलं बाजूला काढतो. मग काका आणि बिल करणारी मुलगी मिळून ती रॅक, वेळ आणि ऑर्डरच्या मार्गानुसार लावतात. शेठनी तोपर्यंत काहीही बोलायचं नाही. ही अट त्यांनी स्वतः आपल्या हाताने लिहिली आहे. नव्या मर्यादेत दोन महिने स्थिर गेले, की पॅरेटो पुन्हा काढायचा. आता यादीत सगळ्यात वर बॅच आणि एक्स्पायरी आलं आहे, आणि स्कॅनरची चौकशी सुरू झाली आहे.